सहाशे ग्रॅम मीठ : पहिल्या प्रवाळ-टाकीच्या नोंदी

४ जानेवारी

टाकी आली. ९० × ४५ × ४० सेंमी, काच १० मिमी. रिकामी टाकीच सदतीस किलो भरते. कागदावर बेरीज मांडली: पाणी १५० लिटर, म्हणजे खारं असल्यामुळे १५४ किलो, दगड १५, वाळू १०, खालचा संप (स्टँडमधली दुसरी, छोटी टाकी), स्टँड. आकडा अडीचशेच्या घरात गेला. खोलीच्या मधोमध ठेवायचा बेत तिथेच बारगळला. भिंतीलगत, जिथे खाली तुळई आहे, तिथे स्टँड लावलं.

स्पिरिट लेव्हल लावली तर डावीकडून उजवीकडे तीन मिमी उतार. तीन मिमी ते काय, असं वाटतं. पण पाणी भरलं की ती तिरकी रेघ रोज डोळ्यांत खुपते आणि भारही सांध्यांवर सारखा पडत नाही. पायाखाली पट्ट्या सरकवण्यात दुपार गेली. टाकीखाली फोमची चटई.

आई दारातून बघून म्हणाली, "अगं, मासे किती मोठे आणणार आहेस?" दोन. बोटभर लांबीचे.

११ जानेवारी

साध्या पाण्याने गळतीची चाचणी झाली, सांधे कोरडे. आज संप आणि रिटर्न पंप जोडला. वरच्या टाकीतून पाणी ओव्हरफ्लोने खाली संपात उतरतं, पंप ते परत वर ढकलतो. हीटर, फेसातून घाण काढणारा स्किमर, ही सगळी अडगळ संपात लपते.

मग जाणूनबुजून प्लग उपटला. वीज गेली तर काय होतं ते बघायचं होतं. काय होतं ते पायांना कळलं.

पंप थांबला की वर चढणारं पाणी त्याच नळीने उलटं उतरू लागतं. माझ्या नळीचं तोंड पृष्ठभागाच्या ८ सेंमी खाली होतं. ९० × ४५ × ८, म्हणजे ३२ लिटर. संपात रिकामी जागा १५ लिटरची. उरलेलं जमिनीवर. हा हिशोब आधी करायला हवा होता. पाचवीतला आहे.

उपाय: नळीचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम एक सेंमी खाली आणलं आणि पाण्याच्या रेषेखाली नळीला एक बारीक भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. चेक व्हॉल्व्हही बसवता येतो, पण त्यात एखादी गोगलगाय किंवा मिठाची खपली अडकली की तो असून नसल्यासारखा. भोक बरं. पुन्हा प्लग काढला: चार-पाच लिटर उतरलं, संप दोन बोटं रिकामा राहिला. आज साधं पाणी होतं म्हणून फरशी वाचली.

१८ जानेवारी

पाणी तयार केलं. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, २१०. आरओ आणि त्यापुढच्या, उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून आल्यावर ०. क्लोरीन, तांबं, फॉस्फेट, सिलिकेट, जे काही शेवाळाला आवडतं किंवा गोगलगायींना मारतं, ते इथेच अडवायचं. १५० लिटर जमवायला दोन दिवस लागले. वाया जाणारं पाणी लादी पुसायला आणि झाडांना.

मिठाच्या बादलीवर लिहिलंय: ३५ पीपीटीसाठी (हजारात ३५ भाग क्षार, समुद्राइतका खारटपणा) लिटरला ३८ ग्रॅम. हिशोबाने ५.७ किलो. पाणी ढवळत ठेवून त्यात मीठ थोडं थोडं सोडायचं. उलटं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर खालच्या दाट थरात कॅल्शियम कार्बोनेट साकळून पांढरा गाळ बसतो.

नवा रिफ्रॅक्टोमीटर, खारटपणा मोजायचा. काचेवर आरओच्या पाण्याचा थेंब टाकला, झाकण मिटलं, उजेडाकडे धरून पाहिलं: निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा बरोबर शून्यावर. स्क्रू फिरवायचीही गरज पडली नाही. खूश. मीठ घालत गेले, मोजत गेले. ५.१ किलोला रेषा ३५ वर आली, म्हणून थांबले. सहाशे ग्रॅम वाचलं. बादलीवर जरा सैल हाताने लिहीत असावेत.

१९ जानेवारी

दगड आधी, वाळू नंतर. वाळूवर दगड ठेवले आणि उद्या एखाद्या कोळंबीने किंवा गोबी माशाने खाली बीळ खणलं, तर डोलारा काचेवर कोसळायचा. १५ किलो ड्राय रॉक, म्हणजे कोरडा, निर्जीव दगड, सच्छिद्र, पांढराफटक, हातात घेतला तर दिसतो त्यापेक्षा हलका. दोन ढीग आणि मधून वाट. मागच्या काचेपासून चार बोटं अंतर, घासणी फिरायला हवी. चार वेळा रचले, चार वेळा मोडले. पाचव्यांदा जमलं. सांध्यांना इपॉक्सी पुटी.

अरागोनाइट वाळू धुऊन घातली तरी पाणी ताकासारखं. दगड दिसत नाहीत. झोपते.

२२ जानेवारी

पाणी निवळलं. तापमान २५.५. सायकल सुरू, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढवणं.

मासा नसताना अमोनिया आपणच द्यायचा: १५० लिटरला २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) म्हणजे ०.३ ग्रॅम अमोनिया, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम अमोनियम क्लोराइड. चिमूटभर. एवढ्याने माशाचे कल्ले जळतात, यावर वजनकाट्याकडे बघून विश्वास बसेना. सोबत बाटलीतले जिवाणू. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पण वाढ मंद. काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, या मंडळींना दिवस-दिवस लागतो. तोवर मी वही घेऊन रिकाम्या टाकीसमोर.

आई: "दगड पाळलेस का गं? त्यांना खायला काय घालतेस?" खरं सांगितलं, अमोनिया. ती गेली.

३० जानेवारी

अमोनिया १. नायट्राइटच्या परीक्षानळीत पहिल्यांदा गुलाबी झाक.

८ फेब्रुवारी

अमोनिया ०. नायट्राइट पट्टीच्या शेवटच्या रंगाच्याही पलीकडे, जांभळं. नायट्रेट ५० दाखवतंय, पण नायट्राइट असेपर्यंत त्या आकड्यावर विसंबायचं नाही, नायट्राइटमुळे चाचणी फुगून येते. समुद्राच्या पाण्यात नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं बाधत नाही, कारण क्लोराइड कल्ल्यांपाशी त्याची वाट अडवतं. तरी घाई नाही.

दोन क्लाउनफिश आज आणले, टाकीत पैदास झालेले, ऑसेलॅरिस जातीचे. मोठ्या टाकीत नव्हे, शेजारच्या ४० लिटरच्या वेगळ्या डब्यात, महिनाभर निरीक्षणासाठी. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आलाच तर तिथे तांब्याचं औषध देता येतं. प्रवाळाच्या टाकीत तांबं गेलं की गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ, सगळ्यांचा निकाल.

पिशवीतलं पाणी मोजलं तर माझ्या मीटरवर ३८! विक्रेत्याने तर ३४ सांगितलं होतं. त्याचा मीटर बिघडलाय बहुतेक. पुढच्या खेपेला सांगायला हवं. डब्यातलं पाणी थोडं खारट करून घेतलं, मग सोडले.

१३ फेब्रुवारी

पुन्हा २ पीपीएम अमोनिया दिला. चोवीस तासांनी अमोनिया ०, नायट्राइट ०. सायकल पूर्ण. निम्मं पाणी बदललं.

दगडांवर, वाळूवर, काचेवर तपकिरी साय. डायॅटम, सूक्ष्म शेवाळ. बोटाने पुसली की धुरळा उठतो, संध्याकाळपर्यंत परत. हे येणारच होतं. येणारच होतं हे माहीत असूनही रोज पुसते.

२२ फेब्रुवारी

सफाई कामगार रुजू, दोन जातींच्या गोगलगायी: सहा ट्रोकस, पाच नॅसॅरियस.

ट्रोकस काचेवर चढली की तोंड दिसतं. पोटाखालून एक फाट उघडते, आतून खरखरीत जीभ बाहेर येते, तपकिरी सायीवर एक चाटा मारते, मिटते. मागे स्वच्छ पट्टा, त्यावर बारीक नागमोडी खुणा. अर्धा तास बघत बसले. दोन दिवसांत डाव्या काचेवरून हात फिरवायचं काम उरलं नाही.

नॅसॅरियस दिवसभर वाळूत गाडून घेतात. वर फक्त सोंड, उभी, पेन्सिलीच्या शिशासारखी. पाण्यात माशाचं खाणं चिमूटभर टाकलं आणि दहा सेकंदांत वाळू जागोजाग फुगली, पाचही जणी बाहेर आणि सुसाट. गोगलगायीला सुसाट म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं. आईने स्वतःहून खुर्ची ओढली. "पुन्हा टाक गं."

८ मार्च

क्लाउन मोठ्या टाकीत. दोघे जन्माने नर. त्यांतला वरचढ मादी होतो, दुसरा नरच राहतो. कोण वरचढ हे ठरायला तासही लागला नाही. मोठा कल्ले फुगवून पुढे, धाकटा अंग आडवं करून थरथरतो, म्हणजे शरण. दगडांची एवढी रचना केली, आणि दोघांनी संसार मांडला तो हीटरच्या वायरीपाशी.

१५ मार्च

पहिले प्रवाळ, मित्राच्या टाकीतून तोडलेले तुकडे: ग्रीन स्टार पॉलिप, एक मश्रूम, झोअँथिडचे सात डोळे. कठीण प्रवाळांच्या सगळ्या जाती साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. हे तिघे त्यात नाहीत, पण पुढे घ्यायचे ते टाकीतच वाढवलेले आणि कागदपत्रांसह, हे ठरवून टाकलंय. समुद्रातून खरवडलेलं काही घरात नको.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा. काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, जखमेतून किंवा डोळ्यात गेलं तर गंभीर. झोअँथिड असलेला दगड उकळायचा तर कधीच नाही, ती वाफ छातीत जाऊन घरची घरं इस्पितळात पोचली आहेत. ही ओळ लाल शाईने लिहून स्टँडच्या दाराच्या आत चिकटवली.

तुकडे आधी डिपमध्ये, म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणात, पाच मिनिटं. तळाशी एक चपटा किडा आणि दोन बारीक ठिपके पडले. न धुता सोडले असते तर पाहुणे पंक्तीला बसलेच होते.

२२ मार्च

पीएच ७.८. कमी. काही ओतायच्या आधी खिडकी उघडून दोन तास थांबले: ८.०. बंद खोलीत आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो, बाकी काही नाही. आजचा दिवस शहाणपणाचा. तो टिकला असता तर बरं झालं असतं.

५ एप्रिल

दोन कठीण प्रवाळ आले: मॉन्टिपोरा डिजिटाटाची एक फांदी आणि हातोडी प्रवाळाचं एक डोकं. डिजिटाटा वर, उजेडात. हातोडी खाली, प्रवाह मध्यम. तिच्या शेजारी वीतभर जागा मोकळी, रात्री ती लांब धागे सोडून शेजाऱ्यांना डंख मारते.

कठीण प्रवाळ सांगाडा उभारतात, म्हणजे पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, मोजतात डीकेएचमध्ये) उचलतात. म्हणून आज पहिल्यांदा तिन्ही चाचण्या:

अल्कलिनिटी ७.२ डीकेएच
कॅल्शियम ३७५
मॅग्नेशियम ११६५

तिन्ही कमी. बादलीवर ८, ४२० आणि १३०० म्हणतात. तीन मऊ तुकड्यांनी महिन्याभरात एवढं खाल्लं? मीठच निकृष्ट निघालं की काय. खारटपणा मोजला: ३५, काटेकोर. नायट्रेट जवळजवळ शून्य, फॉस्फेट शून्य. पाणी किती स्वच्छ, म्हणून पाठ थोपटून घेतली.

११ एप्रिल

हात शिवशिवत होते.

१५० लिटरला अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला साडेचार ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. मला ७.२ वरून १० च्या वर जायचं होतं. दिवसाला एकापेक्षा जास्त वाढवू नये हे माझ्याच वहीत, मागच्या पानावर, माझ्याच अक्षरात आहे. पण सुट्टी होती, टेबलावर सगळं मांडलेलं होतं. चौदा ग्रॅम विरघळवून संपात ओतलं. आणि लगोलग, त्याच कोपऱ्यात, कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण.

संपात हिमवर्षाव. दोन्ही द्रावणं दाट असतानाच एकमेकांना भेटली आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसली. हीटरवर पांढरा लेप, पंपाची घरघर. वरच्या टाकीत दुधी ढग. क्लाउन ढगातून इकडून तिकडे, त्यांना मौज.

संध्याकाळी अल्कलिनिटी १०.१.

१२ एप्रिल

८.४. जे वर गेलं ते साकळून खाली आलं. पुन्हा सात ग्रॅम घातलं.

१६ एप्रिल

डिजिटाटाची टोकं पांढरी. परवा रंग फिकटला वाटत होता, आज शंकाच नाही. भिंगाने पाहिलं: टोकापासून अर्ध्या सेंमीपर्यंत मांस नाही, नुसता सांगाडा, चाळणीसारखा. त्याच्या कडेला तपकिरी पेशींची फाटकी किनार. हातोडी आकसून कवचात.

आकडे: ९.६, ४०५, ११६०. मॅग्नेशियमही वाढवावं का? खारटपणा ३५. सगळं तर बरोबर आहे!

१९ एप्रिल

रात्री साडेअकराला वीज गेली. हवेचा पंप बॅटरीवर चालणारा, बॅटऱ्या टॉर्चमध्ये, टॉर्च सापडेना. पाणी थांबलं की दोन-तीन तासांतच प्राणवायूची ओढाताण सुरू होते, रात्री जास्तच, कारण अंधारात प्रवाळाच्या पेशींत राहणारं शेवाळही प्राणवायू घेतंच, देत नाही. मगाने पाणी उचलून वरून ओतत बसले, दीड तास.

अ‍ॅना थिन आठवल्या. १८४६ साली त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. तेव्हा ना पंप, ना वीज. पाण्याला हवा मिळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, अर्धा-पाऊण तास. थिनबाईंनी पुढे लिहिलं की त्या मुलीला यात गंमत वाटायची. मुलीचं म्हणणं कुठे लिहिलेलं नाही. माझा खांदा अजून दुखतोय, त्यामुळे मला तिच्याबद्दल शंका आहे.

२६ एप्रिल

डिजिटाटा गेली. तळाशी सेंमीभर तपकिरी उरलंय, ते तसंच ठेवलं. आता काहीही ओतायचं नाही असं ठरवलं. उशिरा.

३ मे

मित्र आला. टाकीकडे पाहायच्या आधी त्याने विचारलं, "रिफ्रॅक्टोमीटर कशाने लावतेस?"

"आरओच्या पाण्याने. शून्यावर अगदी बरोबर आहे."

"आणि पस्तीसवर?"

त्याच्या खिशात ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाची छोटी बाटली होती. थेंब टाकला, उजेडाकडे धरलं. निळी रेघ ३९ वर.

पुन्हा पुसून, पुन्हा टाकून: ३९.

शून्याला खरा असणारा मीटर पस्तीसला खरा असेलच असं नाही. बरेच स्वस्त मीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, तिथेच एक-दीड अंक सुटतो. उरलेलं आखणीतल्या ढिलाईचं. माझा ३९ म्हणतो तेव्हा खरे ३५. म्हणजे ३५ म्हणत होता तेव्हा खरे ३१.४, जानेवारीपासून.

वहीची पानं मागे उलटली. १८ जानेवारी: सहाशे ग्रॅम मीठ 'वाचलं'. ८ फेब्रुवारी: विक्रेत्याचा मीटर 'बिघडलाय', तो ३४ म्हणतो आणि माझा ३८. ३८ ला तेच गुणोत्तर लावलं तर ३४ च येतात, त्याचा मीटर ठणठणीत होता, मला त्याची माफी मागायला हवी. आणि ५ एप्रिल: ४२० भागिले ३७५, १.१२. १३०० भागिले ११६५, १.११६. ८ भागिले ७.२, १.११. आणि ३९ भागिले ३५, १.११४. तिन्ही आकडे एकाच मापाने कमी होते. प्रवाळांनी काही खाल्लं नव्हतं, मीठही निकृष्ट नव्हतं. पाणीच पातळ होतं. एकेका आकड्याकडे बघून एकेक औषध शोधत होते, चौघांना एका ओळीत उभं करून कधी पाहिलंच नाही.

मित्र भला माणूस, म्हणाला, "एकतीसला डिजिटाटा मरत नाही गं सहसा." तेच तर. पातळ पाण्यात ती जगली असती. ती गेली बहुतेक माझ्या चौदा ग्रॅमने, आणि त्यात पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ नाही, म्हणजे उपाशीपोटी.

४ मे

दुरुस्तीचा हिशोब. ३१.४ वरून ३५ वर जायला लिटरला ३.६ ग्रॅम क्षार, १५० लिटरला ५४० ग्रॅम. बादलीतल्या मिठात थोडा ओलावा धरून, सहाशेच्या आसपास. तेच सहाशे.

आज एकदम ओतायचं नाही. टाकीतून रोज दीड लिटर पाणी उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून एरवी भर घालायची ती गोड्या पाण्याची. आता काही दिवस भर घालायची ती ३५ च्या खाऱ्या पाण्याची. रोज साधारण ५० ग्रॅम क्षार आत जातील, दिवसाला पाऊण अंकाच्या निम्म्यानेही वाढणार नाही. अकरा दिवस. दुसरं काहीही नाही. स्क्रू फिरवून मीटर ३५ च्या द्रावणावर ३५ ला लावला. मित्राने बाटली ठेवून घेऊ दिली.

९ मे

३३.१. हातोडीची बोटं थोडी बाहेर.

१५ मे

३५.०, खरे. अल्कलिनिटी ८.९, कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १२९०. आजपासून भर पुन्हा गोड्या पाण्याची.

माशांचं खाणं जरा वाढवलं, नायट्रेट मोजता येईल इतकं हवंय. स्किमरही थोडा कोरडा चालवते आता. आधी पाणी काचेसारखं व्हावं म्हणून त्याच्या मागे लागले होते.

३१ मे

नवा पाहुणा: काचेच्या नळीसारखा तपकिरी, तोंडाभोवती टोकदार धाग्यांचा झुबका. ऐप्टेशिया, डंख मारणारं तण. पातं लावून खरवडला.

७ जून

सात ऐप्टेशिया. तुटलेल्या तळव्याच्या तुकड्या-तुकड्यातून नवा उगवतो हे आता वाचलं. आता वाचलं! पातं ड्रॉवरमध्ये, पेपरमिंट कोळंबी दोन, आजच सोडल्या.

(विक्रेत्याकडे गेले तेव्हा त्याच्या मीटरबद्दल कबुली दिली. त्याला तर मी काय म्हणतेय तेच कळेना, त्याला मी कधी काही बोललेच नव्हते. मनातल्या मनात आरोप आणि मनातल्या मनातच खटला.)

२१ जून

ऐप्टेशिया दोन उरले. कोळंबी दिवसा दिसत नाही. रात्री लाल उजेडाच्या टॉर्चने पाहिलं: दगडाखालून लाल रेघांची मिशी, तिच्यामागे बारीक कवचधारींची गर्दी, एक केसाळ किडा स्वतःच्या बिळातून अर्धा बाहेर. ड्राय रॉक म्हणून आणलेल्या पांढऱ्या दगडांवर आता एवढी वस्ती. तुकड्यांच्या तळाला चिकटून आले असणार. डिपमधूनही वाचले.

आई आता रोज सात वाजता खुर्ची घेऊन बसते. खाणं टाकायचा हक्क तिने स्वतःकडे घेतलाय. चिमूट जरा मोठी असते. नायट्रेट ५. चालेल.

१२ जुलै

हातोडीचं डोकं फुटतंय. एका तोंडाची दोन झाली, मधोमध चिमटा काढल्यासारखी खाच.

आणि डिजिटाटा. एप्रिलमध्ये सोडून दिलेला तो सेंमीभर तळ. आज काच पुसताना दिसलं की तपकिरी थर जुन्या सांगाड्याला सोडून खाली, ग्लूच्या थेंबावर उतरलाय. कडा पांढरी आहे, पण एप्रिलमधल्यासारखी फाटकी नाही: सरळ, जाडसर, नखाएवढ्या कमानीत पुढे सरकणारी. भिंगाखाली कडेलगत तीन-चार नवी पॉलिप, टाचणीच्या डोक्याएवढीही नाहीत, मिटलेली. मोजपट्टी लावली: तळापासून ४ मिमी.

अल्कलिनिटी ८.१. गेल्या आठवड्यात ८.४ होती. आता खरंच कोणीतरी खातंय. दिवसाला ०.०५ सुद्धा नाही, साप्ताहिक पाणीबदलात भरून निघेल. बाटल्यांना हात नाही.

रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणावर: ३५.५. अर्धा अंक सरकलाय. स्क्रू पाव फेरा.

उद्या: स्किमरचा कप धुणे, आईला छोटा चमचा शोधून देणे.